तीन हिरव्या दिव्यांची साक्ष

नकाशावर बंगळूर आणि पुणे ही दोन शहरे सरळ रेषेने जोडली, तर ती रेष फलटणच्या अगदी शेजारून जाते. फलटणपासून लोहगावचा विमानतळ हवाई अंतराने सुमारे ८५ किलोमीटर. पुण्यात उतरायचे जेट विमान एवढे जवळ येते तेव्हा त्याचे खाली येणे सुरू झालेले असते. दर तीन सागरी मैलांमागे हजार फूट, असा ढोबळ हिशोब वैमानिक डोक्यात ठेवतात. त्या हिशोबाने विमान तेव्हा जमिनीपासून पंधरा हजार फुटांच्या घरात असते. बाणगंगेकाठच्या शेतात उभे राहून कितीही चांगल्या दुर्बिणीतून पाहिले, तरी त्याची चाके दिसणार नाहीत. ती पोटात दुमडलेली असतात आणि त्यांची दारे बंद असतात.

आणखी आठ-दहा मिनिटांनी कॉकपिटमध्ये एक दांडा खाली ओढला जातो. या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते. अंधारात, घाईत, न पाहताही हाताला कळावे की आपण काय धरले आहे, एवढ्यासाठी ती तशी केलेली असते. दारे उघडतात, वाऱ्याचा घोंघाट वाढतो, आसनाखाली धडधड जाणवते आणि काही सेकंदांनी तीन हिरवे दिवे लागतात. एक पुढच्या चाकांचा, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा.

क्वचित असे होते की दोनच हिरवे दिवे लागतात. तिसऱ्याच्या जागी लाल दिवा राहतो, पडद्यावर इशाऱ्याची ओळ उमटते, घंटा वाजते. मागे दीड-पावणेदोनशे माणसे पट्टे आवळून बसलेली असतात आणि धावपट्टी समोर दिसत असते. या क्षणी काय करायचे, याचे उत्तर शोधायला विमानविद्येला अनेक दशके लागली आणि त्यासाठी माणसांचे प्राणही गेले. ते उत्तर समजून घेतले की थक्क व्हायला होते.

चाके आत कशाला घ्यायची?

फलटणपासून तीसेक किलोमीटरवर बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. जगभर शिकाऊ वैमानिक वापरतात त्या सेसना १७२ सारख्या छोट्या विमानांची चाके सहसा कायम खालीच असतात. ती आत जातच नाहीत, त्यामुळे बाहेर आली की नाही हा प्रश्नही उद्भवत नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाला हे परवडते. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवा तितकीच दाट असेल तर वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. ताशी आठशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला बाहेर लोंबणारे पाय झेपत नाहीत.

किती झेपत नाहीत, हे आपल्या नागपूरने पाहिले आहे. २२ जुलै २०१७ रोजी कोलकात्याहून मुंबईला निघालेल्या एअर इंडियाच्या एअरबस ए-३२० मध्ये ९९ प्रवासी होते. उड्डाणानंतर चाके आत घ्यायची राहून गेली. त्या वेळच्या बातम्यांनुसार विमान २४ हजार फुटांवरच अडखळले आणि २३० नॉट, म्हणजे ताशी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपासच उडत राहिले. इंधन भराभर संपत गेले, मुंबई गाठणे अशक्य झाले आणि विमान नागपूरला वळवावे लागले. उतरताना चाके खाली घ्यायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला की ती सगळा वेळ खालीच होती.

म्हणजे चाके आत जायलाच हवीत. आणि एकदा आत गेली की ती वेळेवर बाहेर आली याची खात्री दर वेळी नव्याने करून घ्यायला हवी. हिरवे दिवे त्यासाठी आहेत.

दिवा नेमके काय सांगतो?

हिरव्या दिव्याचा अर्थ ‘चाक खाली आले’ एवढाच नसतो. चाक खाली आले आणि तिथे कुलूपबंद झाले, असे तो सांगतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उतरताना ए-३२० चे वजन साठ टनांच्या आसपास असते. एवढा भार धावपट्टीला टेकल्यावर चाकाचा पाय मुडपला, तर तो खाली आला होता याला काही अर्थ उरत नाही.

पाय दुमडता यावा म्हणून त्याला धरून ठेवणारी तिरकी पट्टी मधोमध सांध्याने जोडलेली असते. पाय पूर्ण खाली आला की ही पट्टी सरळ होते आणि सरळपणाच्या किंचित पलीकडे जाऊन टेकते. आपण ताठ उभे राहतो तेव्हा गुडघा असाच मागे टेकतो. मग स्नायूंना फारसे कष्ट राहत नाहीत आणि अंगाचे वजन हाडांवरून सरळ जमिनीत उतरते. विमानाच्या सांध्याचेही तसेच आहे. वरून जितका भार येईल तितका तो आणखी घट्ट बसतो. हायड्रॉलिक तेलाचा दाब नंतर गेला, वीज गेली, तरी पाय उभाच राहतो.

सांधा असा बसला की नाही हे पाहायला तिथे संवेदक असतात. तारेच्या वेटोळ्याजवळ धातूचा ठोकळा काही मिलिमीटरवर आला की वेटोळ्याचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि तो बदल संगणकाला कळतो. कशाला कशाचा स्पर्श होत नाही, त्यामुळे झीज नाही. पाऊस, चिखल, उणे पन्नास अंशांची थंडी, उतरतानाचे हादरे या सगळ्यांतून हा छोटा साक्षीदार वर्षानुवर्षे टिकतो.

तरीही एका साक्षीदारावर कोणी विसंबत नाही. ए-३२० मध्ये चाकांसाठी दोन स्वतंत्र संगणक आहेत आणि दोघांचे संवेदक वेगवेगळे आहेत. एका वेळी एकच संगणक चाके हलवतो. पुढच्या खेपेला आपोआप दुसऱ्याची पाळी येते, म्हणजे दोघांचीही रोज परीक्षा होत राहते. पडद्यावर प्रत्येक पायासाठी दोन त्रिकोण दिसतात, प्रत्येक संगणकाचा एक. दोघांपैकी एकानेही हिरवा कौल दिला तरी पाय कुलूपबंद मानला जातो, कारण बिघडलेला संवेदक ‘नाही’ म्हणण्याची शक्यता पुष्कळ आणि खोटे ‘हो’ म्हणण्याची फारच थोडी, अशी रचना केलेली असते. बोइंग ७३७ मध्ये समोरच्या तीन हिरव्या दिव्यांखेरीज आणखी तीन हिरवे दिवे वैमानिकांच्या डोक्यावरच्या पॅनेलवर असतात. समोरचा लागला नाही आणि वरचा लागला, तर पाय जागेवर आहे.

त्यामुळे इशारा वाजला की पहिला प्रश्न असा असतो: बिघाड पायात आहे की साक्षीदारात?

तीन मिनिटांची मुदत

हा प्रश्न सोडवायला वेळ किती असतो ते पाहा. चाके साधारणपणे धावपट्टीपासून दोन हजार फूट उंचीच्या आसपास काढली जातात. तेव्हा वेग असतो १४० नॉटच्या थोडा वर. म्हणजे ताशी २६० किलोमीटर, सेकंदाला ७२ मीटर. मिनिटाला सातशे फूट या गतीने जमीन जवळ येत असते. हाताशी जेमतेम तीन मिनिटे उरतात.

तीन मिनिटांत बिघाड शोधायचा, तो दुरुस्त करायचा आणि विमानही उतरवायचे, हा मोह फार मोठा असतो. म्हणून पहिला नियम असा, की दुरुस्तीला हातच घालायचा नाही. इंजिनांची ताकद वाढवायची, नाक वर करायचे आणि पुन्हा आकाशात जायचे. याला वैमानिक गो-अराउंड म्हणतात. हजार फुटांवर येईपर्यंत विमान उतरण्यासाठी सर्वार्थाने तयार नसेल, चाके खाली नसतील, तर वर जायचे, असा दंडक बहुतेक विमान कंपन्यांनी घालून दिला आहे. त्यातूनही कोणी खाली येतच राहिले, तर पाचशे फुटांच्या खाली यंत्र स्वतः बोलू लागते: ‘टू लो, गिअर!’

वर गेल्यावर कामाची वाटणी होते. एक वैमानिक फक्त विमान उडवतो. उंची, वेग, दिशा यांवरून त्याची नजर हलत नाही. दुसरा चेकलिस्ट उघडतो आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत जातो. नियंत्रकाला कळवले जाते, तो विमानाला मोकळ्या जागी घिरट्या घालायला देतो आणि इतर विमाने बाजूला करतो. इंधन किती मिनिटांचे आहे हे बोलून दाखवले जाते. आधी विमान उडवायचे, मग वाट सांभाळायची, मग बोलायचे, हा क्रम प्रत्येक शिकाऊ वैमानिकाच्या अंगी पहिल्या दिवसापासून बाणवला जातो.

शेवटी पृथ्वीच मदतीला येते

चेकलिस्टमध्ये आधी साधे उपाय असतात. दांडा पुन्हा वर-खाली करून पाहायचा, थोडे थांबायचे. बऱ्याचदा एवढ्यावर भागते. नाहीच भागले तर येतो तो उपाय, ज्याच्या साधेपणाचे मला सर्वाधिक नवल वाटते. चाके ओढून खाली आणणारी सगळी यंत्रणा बाजूला सारायची आणि काम गुरुत्वाकर्षणावर सोपवायचे.

ए-३२० च्या दोन आसनांमधल्या पॅनेलवर एक दुमडलेला हात-दांडा असतो. तो उघडून घड्याळाच्या दिशेने तीन वेळा फिरवायचा. त्याने चाकांकडे जाणारा तेलाचा दाब तोडला जातो, दारे मोकळी होतात, चाकांना वर धरून ठेवणारे आकडे सुटतात. पुढचे काम वजन करते. पाय आपल्या भाराने खाली येतात आणि स्प्रिंगा सांधे जागेवर बसवायला मदत करतात. पुढचा पाय आत जाताना नाकाच्या दिशेने दुमडतो. म्हणजे खाली येताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलून कुलपापर्यंत पोचवतो. ज्या वाऱ्यामुळे चाके आत घ्यावी लागली, तोच वारा इथे सेवेला जुंपला आहे! बोइंग ७३७ मध्ये सहवैमानिकाच्या आसनाजवळ जमिनीत एक झाकण असते. त्याखाली तीन मुठी असतात, एकेका पायासाठी एकेक. मूठ ओढली की तारेने आकडा सुटतो.

अशा रीतीने उतरवलेली चाके ए-३२० मध्ये सहसा पुन्हा आत घेतली जात नाहीत आणि पुढचे चाक वळवण्याची सोयही जाते. विमान धावपट्टीवर थांबते आणि ओढून न्यावे लागते. पण सगळी माणसे सुखरूप घरी जातात.

एवढे करूनही चाके आली नाहीत तर? १ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून वॉर्साला आलेल्या पोलंडच्या लॉट कंपनीच्या बोइंग ७६७ वर ही वेळ आली. उड्डाणानंतर लवकरच मधल्या हायड्रॉलिक यंत्रणेतले तेल गेले होते, आणि पर्यायी मार्गानेही चाके बाहेर येईनात. पोलिश हवाई दलाच्या एफ-१६ विमानांनी जवळून पाहून सांगितले की तिन्ही पाय आतच आहेत. कॅप्टन तादेऊश व्रोना यांनी इंधन कमी होईपर्यंत घिरट्या घातल्या आणि विमान पोटावर उतरवले. २३१ जणांपैकी एकालाही गंभीर इजा झाली नाही. नंतर विमान क्रेनने उचलले, कॉकपिटमधले बाहेर आलेले एक छोटे सर्किट ब्रेकरचे बटण आत दाबले आणि चाके मुकाट्याने खाली आली. हे बटण खाली, सहज नजर जाणार नाही अशा जागी होते.

एका बल्बपायी

यंत्राला शिस्त लावणे तुलनेने सोपे. माणसाच्या लक्षाला शिस्त लावणे अवघड, आणि त्याची किंमत फार मोठी पडली.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे लॉकहीड ट्रायस्टार विमान मायामीला उतरत होते. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. वैमानिकांनी योग्य तेच केले, दोन हजार फुटांवर गेले आणि ऑटोपायलट लावला. मग कॉकपिटमधले सगळेच त्या दिव्याच्या मागे लागले. एक जण चाक प्रत्यक्ष पाहायला खालच्या कप्प्यात उतरला. या गडबडीत उंची राखण्याची सूचना निघून गेली आणि विमान हळूहळू उतरू लागले. उंची सोडल्याची बारीक घंटा वाजली, ती कोणाच्या कानांवर आली नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत विमान कोसळले. १७६ पैकी १०१ माणसे गेली. तपासात निघाले की चाक खाली होते आणि कुलूपबंदही होते. फक्त दिव्याचे बल्ब जळलेले होते.

सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान चाकांच्या इशाऱ्यामुळे तासभर घिरट्या घालत राहिले. गंजलेल्या भागामुळे उजवा पाय धाडकन खाली आला होता आणि त्यात दिव्याचा स्विच निकामी झाला होता. पाय मात्र जागेवर पक्का होता. कॅप्टन प्रवाशांची तयारी करण्यात गुंतले. इंधन संपत आल्याचे सहकारी सांगत होते, पण पुरेशा ठामपणे नाही. चारही इंजिने बंद पडली. १८९ पैकी दहा जण मृत्युमुखी पडले.

या घटनांनी कॉकपिटची संस्कृतीच बदलून टाकली. १९७९ मध्ये नासाने यावर परिषद भरवली आणि १९८१ पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण सुरू केले. आज ते क्रू रिसोर्स मॅनेजमेंट या नावाने जगभर सक्तीचे आहे. त्याचा गाभा साधा आहे: एकाने उडवत राहायचे, कनिष्ठाने स्पष्ट बोलायचे, वरिष्ठाने ऐकून घ्यायचे. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला टोकणे उद्धटपणाचे मानतात. कॉकपिटमध्ये मात्र टोकणे हे कर्तव्य आहे आणि ते मुद्दाम शिकवावे लागते. हा धडा गिरवला नाही तर काय होते, ते २२ मे २०२० रोजी कराचीत दिसले. पाकिस्तानच्या पीआयए कंपनीचे ए-३२० विमान खूप उंचावरून, खूप वेगाने आले, इशारे वाजत असताना चाकांशिवाय धावपट्टीला घासले आणि पुन्हा उडाले. घासलेली दोन्ही इंजिने थोड्याच वेळात बंद पडली. विमानातल्या ९९ पैकी ९७ माणसे वाचली नाहीत.

नागपूरचे चाक, मुंबईचा फेस

याउलट ६ मे २०२१ ची संध्याकाळ. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. रुग्णाला घेऊन निघालेली एक हवाई रुग्णवाहिका, बीचक्राफ्ट सी-९० जातीचे छोटे विमान, नागपूरहून हैदराबादकडे उडाली. उड्डाण करतानाच तिचे एक चाक निखळून पडले. विमानातून ते दिसणे अवघड. पण नागपूर विमानतळावर पहाऱ्यावर असलेल्या सीआयएसएफच्या जवानाने ते पडताना पाहिले आणि तत्काळ कळवले. कोणत्याही संवेदकाने दिली नसती अशी साक्ष एका जागरूक माणसाच्या डोळ्यांनी दिली.

विमान मुंबईला वळवण्यात आले, कारण तिथे लांब धावपट्टी आणि मोठे अग्निशमन दल होते. धावपट्टीवर फेस पसरला गेला. कॅप्टन केसरी सिंग यांनी रात्री नऊच्या सुमारास विमान चाकांवर न टेकवता पोटावर उतरवले. एका बाजूचे चाक नसताना पायांवर उतरले, तर विमान त्या बाजूला कलंडून भरकटण्याची भीती असते. पोटावर ते सरळ घसरत जाते. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर आणि दोन वैमानिक असे पाचही जण सुखरूप बाहेर आले.

आणि ११ ऑक्टोबर २०२४. तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ मध्ये उड्डाणानंतर हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. आत १४१ प्रवासी होते. शारजापर्यंतचे इंधन भरलेले आणि ७३७ ला हवेत इंधन सोडून देण्याची सोयच नाही. ते जाळूनच हलके व्हावे लागते. दोन तासांहून अधिक काळ विमान शहराभोवती फिरत राहिले. खाली बंब आणि रुग्णवाहिका उभ्या होत्या, दूरचित्रवाणीवर सारा देश ती वर्तुळे पाहत होता. रात्री सव्वाआठच्या सुमारास ते नेहमीसारखे चाकांवर उतरले. कॉकपिटमध्ये कॅप्टन इक्रोम रिफादली फहमी झैनल होते आणि त्यांच्या शेजारी सहवैमानिक होत्या पुण्याच्या मैत्रेयी श्रीकृष्ण शितोळे. पाहणाऱ्यांना ते दोन तास जीवघेणे वाटले. आत बसलेल्या त्या दोघांसाठी ते क्रमाने, घाई न करता करायचे काम होते.

हे सगळे वाचून विमानात बसायची भीती वाटावी, असे मला मुळीच वाटत नाही. दोन स्वतंत्र संगणक, दिव्यांचे दुसरे संच, भाराने आपोआप पक्का होणारा सांधा, वीज-तेल काहीही न मागणारे गुरुत्वाकर्षण आणि या सगळ्यांच्या वर, एकमेकांना टोकायला शिकलेली दोन माणसे: एका दिव्यामागे माणसाने एवढी तजवीज करून ठेवली आहे.

वाचकांना एवढेच सांगणे, की आपले विमान धावपट्टी समोर दिसत असताना एकाएकी वर गेले, घिरट्या घालू लागले, तर ‘वैमानिकाला जमले नाही’ असे म्हणू नका. उशिराबद्दल हवाईसुंदरीवर डाफरू नका. पट्टा घट्ट करा, सूचना ऐका, आणि बाहेर पडायची वेळ आलीच तर डोक्यावरच्या कप्प्यातली बॅग तिथेच सोडा. तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तेवढे सेकंद हवे असतात.